परदेशी कटफ्लॉवरची खरेदी सोलापुरातून: तारखेपासून क्लेमपर्यंत

लग्नसराईत दर वर्षी एकाच प्रकारचा फोन येतो. "पेटी उघडली तेव्हा फुलं ताजी होती हो, पण मंडपात लावली आणि रात्रीत माना टाकल्या. माल खराब दिला." मी पेटीवरचं लेबल मागवतो, कापणीची तारीख बघतो, आणि दहातल्या सात-आठ वेळा माल चांगलाच निघतो. चुकलेला असतो तो खरेदीचा क्रम. आधी मोबाइलवर फोटो बघून फूल ठरवलं जातं, मग भावाची घासाघीस होते, मग कागदांची आठवण येते आणि तारखेचा हिशेब सगळ्यात शेवटी. तारीख पहिली यायला हवी. त्यानंतर कागद, मग घरपोच भाव, आणि या तिन्हींत बसेल तेच फूल.

सोलापुरात डेकोरेटर, हॉटेलं आणि फुलांची दुकानं यांच्यासाठी बाहेरदेशचा माल उचलणाऱ्यांसाठी हा लेख आहे. आयातदाराकडे खरेदीचं काम धरू पाहणाऱ्या मुलामुलींनाही तो उपयोगी पडेल. झेंडू, शेवंती अशा सुट्या फुलांचा धंदा वेगळा. इथे बोलतोय ते काडीवर विकल्या जाणाऱ्या फुलांबद्दल.

तयारी: पहिली ऑर्डर देण्याआधी

*नजर तयार करा.* महिनाभर पहाटे मार्केट यार्डात जा. एकाच दिवशी चार-पाच अडत्यांकडून डच गुलाबाची एकेक गड्डी घ्या, घरी आणून वेगवेगळ्या बादल्यांत ठेवा आणि रोज सकाळी-संध्याकाळी लिहून काढा: कोणती उमलली, कोणती न उमलताच वाकली, कुठल्या पाकळीवर डाग आला. जमलं तर पुण्याच्या गुलटेकडीला एक चक्कर मारा आणि तळेगाव दाभाडे परिसरातलं एखादं पॉलिहाऊस बघा. तिथे निर्यातीचा गुलाब कोणत्या अवस्थेत कापतात ते डोळ्यांनी पाहिल्यावर केनियाच्या पेटीतली मिटलेली कळी "कच्ची" वाटणार नाही.

*सोलापूरचा दिवस आणि हॉलंडचा दिवस वेगळे समजा.* पुरवठादार सांगतो, "दहा दिवस टिकतं." युरोपात ही चाचणी साधारण २० अंश तापमान, ६० टक्के आर्द्रता आणि रोज १२ तास उजेड अशा खोलीत घेतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर असतो आणि मंडपात पंखे गरम वाराच फिरवत असतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की फुलाचा श्वसनाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो आणि तेवढ्याच वेगाने त्याची साठवलेली साखर संपते. म्हणून मी उन्हाळ्यात सांगितलेल्या दिवसांचे सरळ निम्मे धरतो, आणि एसी नसलेल्या मंडपात त्याहून कमी.

*दोन तापमानांची जागा ठेवा.* गुलाब, कार्नेशन, लिलियम आणि जिप्सोफिला थंडीत राहतात. गुलाबाला १ ते २ अंश उत्तम. डेंड्रोबियम ऑर्किड आणि अँथुरियम ही मात्र उष्ण प्रदेशातली फुलं. १० अंशांच्या खाली त्यांना थंडी बाधते. ऑर्किडला १० ते १३ अंश आणि अँथुरियमला त्याहून थोडं वर ठेवावं लागतं.

> इशारा: हे नुकसान थंडीत असताना दिसत नाही. माझ्या सुरुवातीच्या काळात थायलंडच्या ऑर्किडच्या चार पेट्या गुलाबासोबत एकाच खोलीत रात्रभर ठेवल्या होत्या. सकाळी सगळं ठणठणीत दिसलं. दुपारी मंडपात पाकळ्या पाणचट झाल्या, कळ्या गळायला लागल्या, आणि नवरीकडच्या लोकांसमोर डेकोरेटरला खाली मान घालून उभं राहावं लागलं. चूक माझी होती. तेव्हापासून दोन खोल्या नसतील तर दोन्ही फुलं एका तारखेला मी मागवत नाही.

साधी हत्यारं: सुईचा डिजिटल थर्मामीटर, मोजपट्टी, वजनकाटा, धारदार चाकू, झाकणाच्या स्वच्छ बादल्या आणि आरओचं पाणी. बोअरचं पाणी जड असतं, त्यात फुलांचं औषधही नीट काम करत नाही.

टप्पा १: समारंभापासून दिवस उलटे मोजा

डेकोरेटर आला की संभाषण असं सुरू होतं: "मालक, पांढरे गुलाब पाहिजेत, मोठे, दोन हजार काड्या." तुम्ही लगेच भाव सांगायचा नाही. आधी विचारायचं: अक्षता किती वाजता? फुलं लावायला कधी घेणार? मंडप उघडा की हॉल? आणि फूल पूर्ण उमललेलं हवं की अर्धं? या उत्तरांशिवाय घेतलेली ऑर्डर म्हणजे अंधारात मारलेला दगड.

समजा रविवारी संध्याकाळी रिसेप्शन आहे आणि माल नैरोबीहून मुंबईला येणार आहे. उलटं मोजू:

- शनिवारी रात्री फुलं लावायला घेणार, म्हणजे तोवर गुलाब अर्धा उमललेला हवा.
- त्यासाठी त्याने किमान एक दिवस पाण्यात उभं राहायला हवं, म्हणजे शुक्रवारी सकाळी माल सोलापुरात.
- मुंबई ते सोलापूर साधारण ४०० किलोमीटर. गाडी गुरुवारी रात्री निघणार.
- गुरुवारी दिवसभर कस्टम आणि क्वारंटाइनची, म्हणजे कीड-रोगाची तपासणी.
- बुधवारी विमान. मंगळवारी कापणी, थंड करणं आणि पॅकिंग.

म्हणजे शनिवारी रात्री फूल लावताना कापणीला चार दिवस उलटून गेलेले असतात. यात मी आणखी एक दिवस राखीव धरतो. विमानातून पेटी उतरवली जाणं ही रोजची गोष्ट आहे: प्रवाशांचं सामान वाढलं की आधी कार्गो मागे राहतो.

काळवेळेचा फरकही वहीत लिहून ठेवा. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे, थायलंड दीड तास पुढे, इक्वेडोर साडेदहा तास मागे. हॉलंड हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे. इक्वेडोरच्या शेताला आपण दुपारी निरोप पाठवतो तेव्हा तिथे मध्यरात्र असते. बदल करायचा असेल तर तो आपल्या संध्याकाळनंतरच होतो.

> तपासून पाहा: तुमची तारीख परदेशातल्या गर्दीच्या आठवड्यात येते का? १४ फेब्रुवारीच्या आधीचे दोन-तीन आठवडे आणि ८ मार्चच्या आधीचा आठवडा या काळात लाल गुलाबाचा भाव आणि विमानातली जागा दोन्ही हाताबाहेर जातात. आपल्याकडे दाट तिथी असली की मुंबईहून निघणाऱ्या थंड गाड्यांचीही तीच गत. या तारखांना गाडी आधी ठरवा आणि मगच फूल.

टप्पा २: कागद आधी

इथे घाई केलेला माणूस विमानतळावर पेट्या सुकताना बघतो. कागद नसतील तर माल परत पाठवावा लागतो किंवा नष्ट केला जातो, आणि पैसे तुमचेच जातात.

१. आयात-निर्यात कोड तुमच्या किंवा तुमच्या आयातदाराच्या नावावर हवा. कोणाच्या नावावर माल उतरणार ते आधी लेखी ठरवा.

२. कृषी मंत्रालयाच्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डर, २००३ खाली परवाना लागतो. या ऑर्डरच्या सूचींमध्ये वस्तू आणि देश यांची जोडी लिहिलेली असते. एका देशातून एखादं फूल येऊ शकतं म्हणून दुसऱ्या देशातून तेच फूल येईलच असं नाही. नवीन देश धरताना आधी ही जोडी सूचीत शोधा.

३. निर्यातदार देशाचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे मालावर कीड-रोग नसल्याचा दाखला. त्यावरचं फुलाचं शास्त्रीय नाव, पेट्यांची संख्या आणि जादा अटींची ओळ ही तुमच्या परवान्याशी अक्षरश: जुळली पाहिजे.

४. बीजक, पॅकिंग लिस्ट आणि एअर वे बिल (विमानाने पाठवलेल्या मालाची पावती). कस्टमच्या यादीत कटफ्लॉवरचा शीर्षक क्रमांक ०६०३. त्यातही गुलाब ०६०३११, कार्नेशन ०६०३१२, ऑर्किड ०६०३१३, शेवंती ०६०३१४, लिली ०६०३१५. एका पेटीत दोन जाती असतील तर त्या वेगळ्या ओळींत दाखवायला सांगा.

५. कटफ्लॉवर कोणत्या विमानतळावर उतरवायला परवानगी आहे हे प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला कस्टम एजंटकडून लेखी घ्या. हा नियम बदलला की मार्ग, दिवस आणि भाव तिन्ही बदलतात.

> इशारा: पेट्या विमानात चढण्याआधी सगळ्या कागदांच्या स्कॅन प्रती मागवा आणि एजंटला दाखवा. चूक जमिनीवर असताना दहा मिनिटांत दुरुस्त होते. विमान उडाल्यावर तीच दुरुस्ती दोन दिवस खाते.

टप्पा ३: घरपोच भाव काढा

पुरवठादार सांगतो तो भाव एफओबी असतो, म्हणजे त्यांच्या विमानतळापर्यंतचा. तो आपला भाव नव्हे. नवशिके इथेच सगळ्यात जास्त पैसे घालवतात, म्हणून हे जरा सावकाश बघू.

विमानभाडं वजनावर लागतं, पण कोणत्या वजनावर? पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागा. येणारं वजन आणि काट्यावरचं वजन यात जे जास्त, त्याचे पैसे. १०० × ४० × ३० सेंटिमीटरची पेटी काट्यावर १२ किलो भरली तरी भाडं २० किलोचं लागतं. म्हणून पेटीत किती काड्या मावतात हा भावाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. लांब काडी घेतली की पेटीत कमी मावतात आणि प्रत्येक काडीचं भाडं वाढतं.

आता हिशेब. पुढचे दर समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत, तुमचे दर तुम्ही घाला. पेटीत ३०० गुलाब, काडीला १८ रुपये:

- फुलांची किंमत: ५,४०० रुपये
- विमानभाडं, २० किलो, किलोला २२० रुपये: ४,४०० रुपये
- विमा, किमतीच्या १.१२५ टक्के: ६१ रुपये
- कस्टम: शुल्कासाठी विमानभाडं फुलांच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात, म्हणजे १,०८० रुपये. शुल्काची किंमत झाली ६,५४१. मूळ शुल्क ६० टक्के धरलं तर ३,९२४ रुपये
- एजंट, तपासणी, हाताळणी: १,५०० रुपये
- सोलापूरपर्यंतच्या थंड गाडीतला वाटा: ९०० रुपये

बेरीज १६,१८५. आता ३०० ने भागू नका. पेटीतल्या आठ टक्के काड्या मोडतात, डागतात किंवा उमलतच नाहीत असं धरा. उरल्या २७६. काडी पडली ५८ रुपये ६४ पैशांना. अठराचा गुलाब सोलापुरात येईपर्यंत एकोणसाठचा झाला, आणि यात तुमचा नफा किंवा कस्टम शुल्कावरचा अधिभार अजून धरलेला नाही.

विमानभाड्याच्या २० टक्के मर्यादेचा मुद्दा एजंटकडे आवर्जून काढा. पूर्ण भाडं धरून शुल्क भरलेली बिलं मी पाहिली आहेत.

> तपासून पाहा: हाच हिशेब मावळच्या किंवा बेंगळुरूच्या गुलाबासाठी करा. लाल गुलाब, जरबेरा आणि साधा कार्नेशन यांत देशी माल बहुतेक वेळा जिंकतो आणि कापणीपासूनचे दिवसही वाचतात. ऑर्किड, हायड्रेंजिया, मोठ्या डोक्याचा गुलाब किंवा ठरावीक रंग हवा असेल तेव्हाच बाहेरचा रस्ता धरा. डेकोरेटरने "इम्पोर्टेड" म्हटलं म्हणून आयात करू नका.

टप्पा ४: फूल, शेत आणि ग्रेड ठरवून ऑर्डर लिहा

गुलाब केनियाचा की इक्वेडोरचा, हा नेहमीचा प्रश्न. केनियाच्या नैवाशा भागातला माल ४० ते ६० सेंटिमीटरचा, डोकं मध्यम आणि भाव आवाक्यात. इक्वेडोरची शेतं विषुववृत्ताजवळ पण फार उंचावर. थंड रात्रींमुळे कळी सावकाश भरते, म्हणून डोकं मोठं आणि काडी जाड. प्रवास मात्र कितीतरी लांब. पाच तासांच्या मंडपासाठी ७० सेंटिमीटरची काडी मागवून ती २० सेंटिमीटरवर छाटणारे डेकोरेटर मी रोज बघतो. छाटलेल्या प्रत्येक सेंटिमीटरचं विमानभाडं भरलेलं असतं. फूल स्पंजमध्ये खोचायचं असेल तर ४० ची काडी घ्या आणि वाचलेल्या पैशांतून डोक्याचा आकार वाढवा.

ऑर्डर फोनवर देऊ नका, लिहून द्या. माझा निरोप असा असतो: "पांढरा गुलाब, जात अमुक, ५० सेंटिमीटर, कळीची उंची किमान ५ सेंटिमीटर, कापणी २, गड्डीत २० काड्या, पेटीत ३००, कापणी मंगळवारी किंवा नंतर, प्रत्येक पेटीवर शेताचं नाव आणि कापणीची तारीख, एका पेटीत तापमान नोंदणारं यंत्र. जात नसेल तर बदली माल विचारल्याशिवाय नको." कापणीची अवस्था दाखवणारे आकडे प्रत्येक शेताचे वेगळे असतात, म्हणून त्यांचा फोटो-तक्ता आधी मागवा. शेवटचं वाक्य नसेल तर पांढऱ्याऐवजी क्रीम रंग येतो, आणि मंडपाच्या दिव्यांत तो पिवळा दिसतो.

बाकीच्या फुलांचं थोडक्यात. लिलियममध्ये खालच्या कळीला रंग आलेला हवा, पण ती मिटलेली असावी. जरबेऱ्याच्या मधल्या चकतीवर बाहेरच्या दोन ओळी उमलून पराग दिसायला हवा, नाहीतर देठ लवतो. कार्नेशन घेताना सिल्व्हर थायोसल्फेटची प्रक्रिया झाली आहे का ते विचारा. नसेल तर इथिलीन वायूने पाकळ्या आत वळतात आणि फूल झोपतं. ग्लॅडिओलस आडवा आला तर शेंडे वर वळतात, म्हणून तो उभ्या पेटीत.

*लिलावातून घेत असाल तर.* हॉलंडमधल्या आल्समीरच्या रॉयल फ्लोराहॉलंड या फूलबाजारात लिलावाचं घड्याळ उलटं चालतं: भाव वरून खाली येतो आणि जो पहिला बटण दाबतो त्याचा माल. लवकर दाबलं तर महाग, एक क्षण थांबलं तर माल गेला. आपण स्वतः बटण दाबत नाही, तिथला नोंदणीकृत निर्यातदार दाबतो. त्याला एकच आकडा देऊ नका. तीन गोष्टी द्या: हवा तो भाव, त्याच्या पुढे जायचंच नाही असा भाव, आणि माल मिळाला नाही तर काय करायचं. तिसरी गोष्ट राहिली की निर्यातदार तुमची काळजी म्हणून महाग माल उचलतो आणि वाद सुरू होतो. त्याचं कमिशन आणि पॅकिंग लिलावाच्या भावावर वेगळं पडतं. ही पद्धत जवळून बघायची असेल तर बेंगळुरूच्या हेब्बाळमधलं आंतरराष्ट्रीय फूल लिलाव केंद्र बघा. दोन पहाटा तिथे बसलात तर पुढे निर्यातदाराशी बोलताना बिचकायला होत नाही.

टप्पा ५: मुंबई ते सोलापूर

सगळा प्रवास २ अंशांत करून आलेला माल शेवटच्या आठ तासांत ट्रॅव्हल्सच्या डिकीत शिजतो. पैसे वाचवायला केलेली ही एक गोष्ट आधीच्या सगळ्या खर्चावर पाणी फिरवते. थंड गाडीच हवी, आणि ती माल भरण्याआधी तासभर चालू ठेवून गार केलेली हवी. रात्रीच निघा.

> इशारा: गाडीत केळी, आंबा किंवा पपई चालणार नाही, रिकाम्या झालेल्या क्रेटचा वासही नको. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन निघतं. करमाळ्याच्या बाजूने केळी वाहणारी गाडी परतीच्या फेरीत स्वस्त मिळते म्हणून मोह होतो. कार्नेशन आणि ऑर्किडसाठी ती कधीच घेऊ नका.

टप्पा ६: पेटी उघडताना

क्रम पाळा, कारण क्लेमचा सगळा पुरावा याच अर्ध्या तासात तयार होतो.

१. बंद पेटीचे फोटो: चारही बाजू, लेबल, ओल किंवा चेपलेला कोपरा.

२. झाकण जरासं उघडून थर्मामीटर मधल्या गड्डीत खुपसा. आकडा आणि वेळ दिसेल असा फोटो. गुलाबाच्या पेटीत ८-१० च्या वर गेलं असेल तर वाटेत गडबड झाली आहे. तापमानाच्या यंत्राची नोंद लगेच काढा.

३. दहातल्या दोन पेट्या पूर्ण बघा. गड्डीतल्या काड्या मोजा, लांबी मोजा. कळी दोन बोटांत हलकेच दाबा: घट्ट हवी. मऊ लागली तर आतून माल जुना आहे.

४. बाहेरच्या पाकळ्यांवर तपकिरी ठिपके आणि करडी लव म्हणजे बोट्रायटिस ही बुरशी. लाल गुलाबावर निळसर झाक म्हणजे वय झालेलं.

बाहेरची हिरवट, जाडसर, जरा वेडीवाकडी पाकळी हा मात्र दोष नाही. ती कळीचं रक्षण करणारी पाकळी. तिच्यामुळे माल नाकारणारे आणि पोहोचताक्षणी ती सोलून काढणारे, दोघंही नुकसान करतात. मंडपात लावतानाच ती काढा.

नंतर खालून २-३ सेंटिमीटर काडी धारदार चाकूने छाटा, पाण्याखाली येणारी पानं काढा आणि गड्डीचा कागद न सोडता बादलीत ठेवा. कागद राहिला की पहिलं पाणी पिताना मान सरळ राहते. गुलाबाला थंड खोलीत चार-सहा तास द्या. जरबेऱ्याला बोटभरच पाणी. सुकलेला हायड्रेंजिया पूर्ण डोक्यासकट पाण्यात बुडवून ठेवला तर बऱ्याचदा परत उभा राहतो.

> इशारा: २ अंशांतला गुलाब थेट दुपारच्या उन्हात नेला की त्याला घाम सुटतो आणि त्या ओलीवर बुरशी धरते. मध्ये दोन-तीन तास एसी खोलीत थांबवा, आणि मंडपात पहाटे किंवा रात्री न्या.

टप्पा ७: क्लेम

बहुतेक पुरवठादार माल मिळाल्यापासून २४ तासांत लेखी तक्रार मागतात. ही मुदत ऑर्डर देतानाच विचारून घ्या. तक्रारीत एअर वे बिलाचा क्रमांक, शेताचं नाव, जात, किती काड्यांपैकी किती खराब, कोणता दोष, तापमानाचा फोटो. "माल बेकार आहे" असं लिहिलं तर उत्तर येत नाही. "३०० पैकी ४२ काड्यांवर बोट्रायटिस, पेटी क्रमांक ३ आणि ५" असं लिहिलं की पुढच्या बिलात पैसे वजा होऊन येतात.

प्रत्येक पेटीला क्लेम करू नका. आठ टक्क्यांपर्यंत मोड ठरलेलीच असते आणि ती आपण भावात धरली आहे. दोष आपल्या गाडीचा असेल तर शेताला दोष देऊ नका. तापमानाची नोंद त्यांच्याकडेही जाते, आणि एकदा खोटे ठरलात की पुढच्या फेब्रुवारीत तुमची पेटी सगळ्यात शेवटी भरली जाते.

टप्पा ८: चार काड्या मागे ठेवा

प्रत्येक पेटीतून चार काड्या विकू नका. दुकानातच, सोलापूरच्या हवेत, बादलीत ठेवा आणि वहीत लिहा: शेत, जात, कापणीची तारीख, आलं तेव्हाचं तापमान, पूर्ण उमललं कधी, मान टाकली कधी. माझ्या वहीत एकाच जातीच्या पांढऱ्या गुलाबाचे दोन शेतांतले आकडे मे महिन्यात दोन दिवसांनी वेगळे निघाले. भावात फरक होता काडीमागे दीड रुपया. आता उन्हाळ्यातल्या तिथींना मी महाग शेताचाच गुलाब मागवतो, आणि स्वस्त शेताचा डिसेंबर-जानेवारीसाठी ठेवतो.